दुसरी ड्रायव्हर मागे डबा सांभाळत बसलीय

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही पारोळ्याकडचे. माझे मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, मी पतपेढीत आहे. गेल्या दिवाळीत मिस्टरांच्या नाशिकच्या मावसभावाकडून त्यांची डिझेल डिझायर घेतली, 2018 ची. पैसे पूर्ण दिलेत, पण कागदपत्रं अजून त्यांच्याच नावावर आहेत. "घरातलीच गाडी आहे, पळून चालली का?" असं दोघंही भाऊ म्हणतात.

आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) गणपतीपुळ्याला जायचं ठरलंय. सासरे म्हणतात, मे महिन्यात दिवसा टायर फुटतात, म्हणून रात्री नऊला जेवून निघायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी थेट समुद्रावर. त्याच दिवशी भावकीत लग्न आहे, ते उरकून निघायचं. चालवणार एकटे मिस्टर. माणसं सात: आम्ही दोघं, 11 आणि 6 वर्षांची दोन मुलं, सासू-सासरे आणि नणंद. सामान वर कॅरिअरवर बांधायचं.

माझ्याकडे 4 वर्षांपासून लायसन्स आहे. गावात आणि अमळनेरपर्यंत मी गाडी नेते, पण हायवेवर "तू नको" म्हणतात. मला या प्रवासाची धास्ती वाटते. काही बोलायला गेलं की "निघायच्या आधीच अपशकुनी बोलू नको" असं ऐकावं लागतं. माझी भीती खरी आहे की उगाच? आणि कॅरिअर कोणता घ्यावा तेही सांगा.

— पारोळ्याची सून

उत्तर

वहिनी,

तुमची भीती खरी आहे. सासऱ्यांचीही खरी आहे, फक्त त्यांची नजर टायरवर खिळलीय आणि गाडीत सगळ्यात आधी थकणारी गोष्ट स्टिअरिंगमागे बसलेली असते.

आधी वेळेचा हिशेब मांडू. पारोळ्याहून धुळे, मालेगाव, नाशिक, संगमनेर, पुणे, सातारा, कराडच्या अलीकडून पाटणकडे वळायचं, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून गणपतीपुळे. सातशेच्या आसपास किलोमीटर. चहा-पाणी, टोल, मुलांच्या उलट्या धरल्या तर 15 तास. रात्री नऊला निघालात तर एकच्या सुमारास नाशिक येईल. पहाटे दोन ते चार गुरुजी सिन्नर ते नारायणगाव या पट्ट्यात असतील. साताऱ्याला उजाडलेलं असेल. आणि कुंभार्ली घाट, म्हणजे अख्ख्या रस्त्यातला सगळ्यात अवघड तुकडा, त्यांच्या वाट्याला येईल तो सकाळी नऊला, 12 तास गाडी हाकून झाल्यावर. लग्नाच्या दिवशी ते सकाळी सहाला उठले असतील तर घाट उतरताना जागं होऊन 27 तास झालेले असतील. आणि खान्देशातल्या लग्नात भावकीतला माणूस खुर्चीवर बसून राहतो असं तर कधी होत नाही. मंडपात धावपळ, उन्हात वरात, पंगतीला आग्रह, आणि मग "चला, गाडी काढा".

पहाटे दोन ते पाच ही वेळ शरीराने झोपेसाठी राखून ठेवलेली असते. माणूस कितीही सवयीचा असला तरी या वेळात डोळे उघडे ठेवून दोन-तीन सेकंद झोपतो आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही. ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. तीन सेकंदांत 66 मीटर गाडी कोणीच चालवत नसतं. काच खाली करणं, मोठ्याने गाणी लावणं, तंबाखू मळणं याने पाच मिनिटं बरं वाटतं, बस. चहा-कॉफीचा असर व्हायला अर्धा तास लागतो आणि तोही थोडाच वेळ टिकतो. खरा उपाय एकच: गाडी बाजूला, उजेडात आणि माणसांत लावून 20 मिनिटं झोपायचं. सात माणसं भरलेल्या गाडीत गुरुजींना हे कोण करू देणार? मागून आवाज येईलच, "अरे आता थोडंच राहिलंय".

ज्यांचं पोटच गाडी चालवण्यावर आहे त्या चालकांसाठीसुद्धा 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 तासांची मर्यादा घातली होती, आणि 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यायला लावली होती. गुरुजी वर्षभर शाळा ते घर गाडी चालवतात. त्यांनी 15 तास का चालवावी?

रस्त्याचंही ऐका. मे म्हणजे आपल्याकडे ऐन लग्नसराई. रात्री अकरानंतर वऱ्हाडाच्या क्रूझर आणि कालीपिल्या परतत असतात आणि त्यांचे ड्रायव्हरही दिवसभर मंडपात उभे असतात. मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, रावेर-सावद्याकडून केळी भरून निघालेले ट्रक, बंद पडलेल्या गाडीमागे खूण म्हणून ठेवलेले आणि गाडी गेल्यावरही तिथेच राहिलेले दगड. हे सगळं दिवसा लांबून दिसतं. रात्री हेडलाइटच्या पट्ट्यात येईपर्यंत दिसत नाही.

आता टायर. सासऱ्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो आणि तापलेल्या डांबरावर टायर तापतो. पण टायर फुटतो तो बहुतेक वेळा ऊन, कमी हवा, जास्त वजन आणि वेग हे चौघं एकत्र आल्यावर. आपल्याकडे "उन्हाळ्यात हवा जरा कमीच ठेवावी" असं छातीठोक सांगणारे खूप भेटतात. ते उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, दबली की तापते, आणि तापून तापून आतले थर सुटतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने आकडा लिहिलेला असतो, भरलेल्या गाडीसाठीचा आकडा पाहून तेवढी हवा भरा. भरायची ती सकाळी, टायर थंड असताना. वाटेत ढाब्यावर मोजली तर ती जास्तच दिसणार, कारण आतली हवा तापलेली असते. ती तिथे सोडून देऊ नका. नायट्रोजन भरला तर हरकत नाही, नाही भरला तरी काही बिघडत नाही.

दुसरं काम याहून महत्त्वाचं. टायरच्या बाजूला डीओटी असं लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2418 असेल तर तो टायर 2018 च्या 24 व्या आठवड्यातला. तुमची गाडी 2018 ची आहे आणि मावसभावाने टायर बदलले नसतील तर नक्षी कितीही शाबूत दिसली तरी रबर म्हातारं झालंय. पाच-सहा वर्षांपलीकडचा टायर मे महिन्यात सातशे किलोमीटर न्यायचा नाही. स्टेपनीचे आकडेही वाचा. ती एकदाही न वापरलेली असते आणि तरी तेवढ्याच वयाची असते.

गाडी एकदा मेकॅनिककडे न्यालच, तेव्हा रेडिएटरमध्ये नुसतं पाणी आहे की कूलंट, तेवढं विचारा. वर्षभर वरून पाणी टाकत राहणाऱ्या गाड्या एसी लावून घाट चढताना मान टाकतात. काटा वर गेलाच तर एसी बंद, गाडी बाजूला, आणि झाकणाला हात लावायचा नाही. उकळतं पाणी तोंडावर येतं. ब्रेक आणि बॅटरी तो बघेलच.

म्हणजे निघायचं कधी? लग्नाच्या दिवशी नाही. मधला एक दिवस झोपेचा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारला. साडेआठपर्यंत नाशिक मागे पडतं, दुपारी एक-दीडला पिंपरी-चिंचवड. तिथे तुमचं कोणी नाही असं म्हणू नका; आपल्या प्रत्येक गावातली दोन-चार घरं तरी तिकडे कंपनीत आहेत. मुक्काम तिथे. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघून दहाच्या आत घाट, दुपारी समुद्र. एक दिवस जास्त जाईल, पण तो नातेवाइकांकडे जाईल. सासऱ्यांना हे पटवायला टायरवर वाद घालू नका. पहाटे घर सोडायचं, दिवस उगवायच्या आत मालेगाव गाठायचं, ऊन चढायच्या आत त्या दिवसाचा निम्मा रस्ता कापायचा, एवढंच सांगा. जुन्या माणसांना पहाटेचं निघणं आवडतं, आणि उन्हाचा त्यांचा मुद्दाही त्यात सांभाळला जातो.

आता पत्रातलं जे वाक्य तुम्ही शेवटी, ओझरतं लिहिलंत त्याकडे येते. 4 वर्षांचं लायसन्स, अमळनेरपर्यंत गाडी नेणारी बाई, आणि ती सातशे किलोमीटर मागच्या सीटवर दशम्यांचा डबा सांभाळत बसणार? वहिनी, या गाडीत दुसरी ड्रायव्हर आहे. घरात कोणी ते मोजलेलं नाही. तुम्हीसुद्धा नाही.

मात्र उद्याच्या उद्या हायवेवर जा असं मी म्हणणार नाही. अमळनेरचा रस्ता वेगळा, चौपदरी वेगळा. निघायला जेवढे रविवार हाताशी आहेत तेवढे पहाटे पारोळा-धुळे चालवा, गुरुजींना शेजारी बसवून. तीन गोष्टी हाताला बसल्या पाहिजेत: बाजूच्या रस्त्यावरून हायवेवर शिरताना आरसा बघून वेग जुळवणं, दोन ट्रकच्या मधल्या जागेत न अडकता एका दमात पुढे जाणं, आणि मागून कोणी कितीही हॉर्न वाजवला तरी आपला वेग न सोडणं. तिसरी सगळ्यात अवघड, कारण बाई चालवतेय म्हटल्यावर हॉर्न जरा जास्तच वाजतात. वाजू द्या. मी धुळे-नाशिक चालवायला लागले तेव्हा मलाही प्रत्येक हॉर्न आपल्यालाच आहे असं वाटायचं.

प्रवासात वाटणी अशी करा. धुळ्यापुढचा लळिंगचा चढ-उतार गुरुजी करतील. तो ओलांडला की मालेगावपर्यंत तुम्ही. चांदवडच्या अलीकडचा राहूड घाट आणि नाशिकची गर्दी त्यांच्याकडे. सिन्नर ते संगमनेर पुन्हा तुम्ही. तुम्ही दोघं मिळून एका माणसाच्या हातात सलग दोन-अडीच तासांपेक्षा जास्त गाडी राहू देत नाही, एवढंच साधायचंय. कुंभार्ली त्यांनाच उतरू द्या, फक्त शेजारी जागं बसा. गाडी चढताना जो गिअर लागेल त्याच गिअरमध्ये उतरायची, बहुतेक दुसऱ्या. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि खाली पोफळीपर्यंत पोचायच्या आत पाय दाबूनही गाडी धरत नाही. अरुंद जागी समोरून चढणारी गाडी आली तर वाट तिची, हा नियमच आहे.

कागदपत्रांचं मात्र मला तुमच्या प्रवासापेक्षाही जास्त वाटतं. कायदा सांगतो की गाडी विकली की राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नाव लावायला अर्ज करायचा. नमुना 29 आणि 30. दिवाळीपासून आजवर दोघा भावांनी एकमेकांची भीड धरलीय. भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे शब्दशः खरं होऊ शकतं. कसं, ते बघा.

विमा मावसभावाच्या नावावर आहे. समोरच्या माणसाला देणं लागणारा विम्याचा भाग मालकीबरोबर आपोआप पुढे सरकतो. पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग सरकत नाही; त्यासाठी 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. उद्या गाडी ठोकली तर कंपनी भावाला म्हणेल, गाडी तुमची राहिलेली नाही. आणि गुरुजींना म्हणेल, पॉलिसी तुमची नाही. त्याहून वाईट म्हणजे मालक-चालकाचा जो 15 लाखांचा अपघात विमा असतो तो नोंदणीकृत मालकासाठी. आज गुरुजींना काही झालं तर त्यातून तुमच्या घरात रुपया येणार नाही. अपशकुनी बोलतेय म्हणा, पण पॉलिसीचा कागद असाच बोलतो.

भावाशी बोलताना तुमच्या अडचणीपासून सुरुवात करू नका, त्यांच्या अडचणीपासून करा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईपुरता गाडीचा मालक म्हणजे आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तो, मग गाडी मधल्या मध्ये कितीही हात फिरलेली असो. म्हणजे पारोळ्याच्या गाडीने कोणाला धडक दिली तर नोटीस नाशिकला जाईल. ई-चलनंही त्यांच्याच नावावर चढतायत. आणि त्यांचा एक फायदा आहे तोही सांगा: विमा तुमच्या नावावर झाला की त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, त्यांच्याकडेच राहतो, पुढची गाडी घेताना त्यांना तो वापरता येतो. तुम्हाला हप्त्यातला फरक भरावा लागेल, तो भरा. त्यांनी गाडी कर्जावर घेतली होती का, हेही याच वेळी विचारा. बँकेचा बोजा नोंदीत राहिला असेल तर बँकेचा दाखला आणि नमुना 35 आणून तो आधी उतरवायला लागेल. नंबर एमएच-15 च राहतो, त्याची काळजी नको.

फास्टॅगही अजून त्यांचाच असणार. म्हणजे तुम्ही चांदवडच्या टोलनाक्यावर असल्याची खबर आधी नाशिकच्या भावाच्या मोबाइलवर वाजते. तो बंद करायला सांगा आणि नाव बदललं की गुरुजींच्या नावाने नवीन घ्या. 15 ऑगस्ट 2025 पासून फास्टॅगचा वार्षिक पास निघालाय, त्याच्या मोहात तुम्ही पडू नका. वर्षातून दोनदा लांब जाणाऱ्याला तो परवडत नाही.

हे सगळं आखाजीच्या आधी पूर्ण झालं नाही तर? आरटीओत अर्ज आणि विमा कंपनीकडे अर्ज, दोन्ही दाखल करून पोचपावत्या घ्या आणि विम्याचा बदल लेखी हातात पडला की निघा. तो पडेपर्यंत गणपतीपुळं कुठे जात नाही.

राहिला सात माणसांचा प्रश्न. डिझायरमध्ये पट्टे पाच आहेत, म्हणून माणसं पाच. मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा आहे आणि 14 वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याशिवाय किंवा मुलांच्या सीटशिवाय बसवलं तर 1000 रुपये दंड आहे. दंडाचं सोडा. 6 वर्षांचं लेकरू पुढे मांडीवर घेऊन बसणं हा आपल्याकडचा लाडाचा प्रकार एअरबॅग असलेल्या गाडीत फार धोक्याचा आहे; उघडणारी एअरबॅग त्याच्या तोंडावर येते. त्याला मागे, बूस्टर सीटवर, पट्टा लावून.

मग कोण गाळायचं? कोणालाच नाही. नणंद आणि मोठा मुलगा चाळीसगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला येऊ देत. ही रेल्वे प्रत्येक स्टेशनाची विचारपूस करत जाते, पण 11 वर्षांच्या मुलाला रेल्वे गाडीपेक्षा जास्त आवडेल. रिझर्व्हेशन आजच बघा. पुण्याहून पुढे स्वारगेटची रत्नागिरी एसटी. नणंदेला अर्धं तिकीट, मुलालाही अर्धं. गाडीत उरले पाच: तुम्ही दोघं, धाकटा, सासू-सासरे. घाट सोडून बाकी रस्त्याला सासऱ्यांना पुढे बसवा. ते रस्ताभर बोलत राहतील आणि ड्रायव्हरला झोप लागू देणार नाहीत, हा या योजनेतला सगळ्यात स्वस्त भाग आहे.

वाटेत खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुरे. ढाब्यावरची तर्रीदार शेवभाजी जो गाडी चालवणार नाही त्याने खावी. 112 आणि राष्ट्रीय महामार्गाचा 1033 हे दोन नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा.

गुरुजींशी हे बोलायचं ते चारचौघांत नको. लग्नघरी तर नकोच. टायरचे चार आकडे वाचायच्या निमित्ताने दोघंच गाडीपाशी जा. आकडे ते वाचतील, घाटातल्या 27 तासांचा हिशेब तुम्ही सांगा. शिक्षक माणूस आहे, गणित मांडलं की बघेल.

आणि कॅरिअर घेऊच नका. वर बांधलेल्या सामानाने गाडी घाटातल्या वळणावर झुकते, वाऱ्याला अडते, डिझेल जास्त पिते. तुमच्या डिकीत 378 लिटर जागा आहे, पाच माणसांच्या चार दिवसांच्या बॅगा त्यात बसतात. कॅरिअरचे पैसे टायरात घाला.

— ताई